पुतळा विकला, मानांकन गेले : ब्रिटनच्या संग्रहालय योजनेचे एक प्रकरण

१० जुलै २०१४ रोजी लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सेखेम्का नावाच्या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याचा चुनखडीचा पुतळा १ कोटी ५७ लाख पौंडांना गेला. पुतळ्याची उंची जेमतेम पाऊण मीटर, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. विकणारी होती इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन शहराची नगर परिषद. पुतळा तिच्या संग्रहालयातला, आणि तो संग्रहालयाला मिळाला होता एकोणिसाव्या शतकात, तिथल्या मार्क्विस या उमराव घराण्याकडून. घेणारा परदेशी आणि अनाम. ऑगस्ट उजाडताच आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलांना सरकारी निधी वाटणाऱ्या संस्थेने नॉर्दम्प्टनच्या दोन्ही संग्रहालयांचे मानांकन, म्हणजे ठरलेल्या दर्जाचे असल्याची अधिकृत मान्यता, काढून घेतले आणि निदान ऑगस्ट २०१९पर्यंत पुन्हा अर्जही करता येणार नाही, असे कळवले.

नगर परिषदेने पैसे घेतले, आर्ट्स कौन्सिलने मानांकन घेतले. यात जिंकले कोण, हा प्रश्न त्या वेळी ब्रिटनमधल्या संग्रहालयवाल्यांना छळत होता. त्यांची मानांकन योजना तेव्हा पंचविशी ओलांडून गेली होती, दोनदा नव्याने लिहून झाली होती आणि तिसऱ्यांदा लिहिली जायची होती. हे सुधारणेचे काम कसे झाले, त्यात काय साधले आणि काय तसेच राहिले, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी नुसती नोंदणी

१९७० आणि ८०च्या दशकांत ब्रिटनमध्ये खाणी आणि कापडगिरण्या बंद पडत होत्या आणि त्यांच्या जागी संग्रहालये उघडत होती. निवृत्त इंजिनिअर, इतिहासप्रेमी शिक्षक, रेल्वेचे वेड असलेली मंडळी एकत्र येत, ट्रस्ट काढत, जुनी यंत्रे जमवत. उत्साह दांडगा, पण वस्तूंची मालकी कोणाची, दान म्हणून आलेली कोणती आणि उसनी आणलेली कोणती, ट्रस्ट बुडाला तर त्या जाणार कुठे, याचा अनेक ठिकाणी पत्ता नसे. सरकारी अनुदान कोणाला द्यायचे हे ठरवायलाही काही आधार नव्हता.

म्हणून म्युझियम्स अँड गॅलरीज कमिशन या सरकारी संस्थेने १९८८ साली संग्रहालयांची नोंदणी योजना सुरू केली. मागणे साधे होते. संस्थेची घटना दाखवा, वस्तू घेण्याचे आणि काढून टाकण्याचे धोरण लेखी द्या, वस्तूंची नोंद ठेवा, लोकांसाठी दारे उघडी ठेवा. पगारी क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा जाणकार, नसेल तर बाहेरच्या एखाद्या जाणकाराला सल्लागार म्हणून नेमा. या शेवटच्या अटीकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण माझ्या मते साऱ्या योजनेतली ती सर्वांत शहाणी अट आहे.

नोंदणी ऐच्छिक होती आणि आजही मानांकन ऐच्छिकच आहे. त्याला शुल्क नाही. मग संग्रहालये हा खटाटोप करतात कशाला? कारण पुढची बरीच दारे याच किल्लीने उघडतात. आर्ट फंडसारख्यांची मदत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वस्तुखरेदी निधीतले पैसे, शेतात सापडलेला ऐतिहासिक ऐवज विकत घेण्याची संधी, मोठ्या संग्रहालयांकडून उसन्या वस्तू, या सगळ्यांत मानांकन विचारले जाते. कायद्याचा धाक न लावता शिस्त आणण्याची ही युक्ती चांगलीच चालली. आज सतराशेहून अधिक संग्रहालये योजनेत आहेत. लंडनच्या राष्ट्रीय संस्थांपासून आठवड्यातून दोनदा उघडणाऱ्या गावातल्या खोलीपर्यंत सगळे एकाच यादीत.

गोम तिथेच होती. इतक्या वेगवेगळ्या संस्थांना एकाच कसोटीवर घासायचे कसे?

तीन वेळा लिहिलेला मानदंड

२००४ साली नोंदणीचे नाव बदलून ॲक्रेडिटेशन झाले. त्या मानदंडाचे चार भाग होते: कारभार आणि व्यवस्थापन, वापरकर्त्यांसाठीच्या सेवा, पाहुण्यांच्या सोयी आणि संग्रहाचे व्यवस्थापन. वाचले की जाणवते, ही तपासनिसाची यादी आहे. हे आहे का? ते आहे का? धोरणाची प्रत जोडली का?

आपल्याकडे कॉलेजात नॅकची समिती येणार म्हटले की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. भिंतींना रंग लागतो, फायलींना नवी कव्हरे चढतात, कधी न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते जन्माला येतात. ब्रिटनमध्ये इतके नाट्य नसेल, पण धोका तोच. मानांकनासाठी लिहिलेले धोरण मानांकन मिळाले की कपाटात जाते.

२०११च्या मानदंडाने चाराचे तीन भाग केले. संस्थेचे आरोग्य, संग्रह, आणि वापरकर्ते व त्यांचा अनुभव. वरवर ही नुसती फेरमांडणी, पण 'संस्थेचे आरोग्य' सर्वांत वर आले, हे महत्त्वाचे. ज्या ट्रस्टचे विश्वस्त सगळे सत्तरी ओलांडलेले आहेत, ज्याच्या जागेचा भाडेकरार दोन वर्षांत संपतो आहे, ज्याच्याकडे पुढचा आराखडा नाही, त्याची कॅटलॉगची कार्डे कितीही सुबक असली तरी संग्रह सुरक्षित नाही. वस्तूला धोका वाळवीचा असतो तसाच तो रिकाम्या तिजोरीचाही असतो. ब्रिटनच्या संग्रहालयांना हे त्याच वर्षी नीट कळत होते. नगर परिषदांच्या निधीला कात्री लागली होती आणि मानांकन चालवणारी सरकारी संस्थाच बंद करून काम आर्ट्स कौन्सिलकडे सोपवले गेले होते. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संस्था त्यात भागीदार राहिल्या.

याच फेरीत 'संपादन आणि निर्गत धोरण' हा दस्तऐवज 'संग्रह विकास धोरण' झाला. आपल्याकडे काय आहे, कशाची उणीव आहे, काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे एकत्र मांडायचे. सोडण्याबद्दलची कलमे मात्र बहुतेक साच्यातली ठेवली: निव्वळ पैशासाठी वस्तू काढायची नाही, आणि काढायचीच झाली तर आधी दुसऱ्या मानांकित संग्रहालयाला विचारायचे. नॉर्दम्प्टनला पुढे नडली ती हीच बाजू.

तिसरी फेरी २०१८ची. वर्षभर आढावा घेऊन नोव्हेंबरात नवा मानदंड आला. भाषा सोपी झाली आणि दर पाच वर्षांनी एकदा आपल्या कामाची माहिती भरून पाठवायची, असे वेळापत्रक बसले. पण खरा बदल प्रश्नांच्या रोखात होता. तुमच्याकडे प्रेक्षकविषयक धोरण आहे का, इतके विचारून भागत नाही. तुमच्याकडे कोण येते, कोण येत नाही, ते तुम्हाला कसे कळले आणि कळल्यावर तुम्ही काय केले, हे सांगावे लागते. संस्थेचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहायचे आणि बाकी सगळे, म्हणजे आराखडा, संग्रह, कार्यक्रम, त्या वाक्याशी जुळते का ते दाखवायचे.

याला जोडूनच 'प्रमाणात मागणे' हे तत्त्व घट्ट केले गेले. लाखो प्रेक्षक येणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयाला आपत्ती आराखडा लागतो, तसाच तो स्वयंसेवकांच्या खोलीलाही लागतो. पण पहिल्याचा पन्नास पानी असेल, तर दुसऱ्याचा दोन पानी चालेल: पाणी शिरले तर कोणाला फोन करायचा, कोणत्या वस्तू आधी उचलायच्या, कोरडी जागा कुठे आहे. त्या दोन पानांना कमी गुण नाहीत. मोठ्यांना झुकते माप न देता आणि लहानांना सूटही न देता एकच मानदंड चालवण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आणि आता ती सल्लागाराची अट. १९८८पासूनचा हा 'क्युरेटोरियल ॲडव्हायझर' पुढे मेंटॉर झाला. पगारी व्यावसायिक माणूस नसलेल्या संग्रहालयाला असा मेंटॉर असावाच लागतो. तो दुसऱ्या संग्रहालयात नोकरी करणारा अनुभवी माणूस असतो, विश्वस्तांना भेटतो, कागदपत्रे डोळ्यांखालून घालतो, अडल्या वेळी फोनवर असतो. यासाठी त्याला मानधन नसते. एका कागदी योजनेने देशभरात शेकडो ओळखी निर्माण केल्या. ज्याला आपण तपासणी म्हणतो तिचा सर्वांत टिकाऊ फायदा तपासणीत नसून या ओळखींत आहे, असे मला वाटते.

नोंदींचे न संपणारे काम

वस्तूंच्या नोंदींसाठी मानांकन योजनेने स्वतःचे नियम लिहिले नाहीत. 'स्पेक्ट्रम' नावाचा मानदंड १९९४पासून होताच, तोच उचलला. हा निर्णय दिसायला किरकोळ, पण फार कामाचा ठरला. वस्तू दारातून आत आली की काय लिहायचे, संग्रहात दाखल कशी करायची, एका कपाटातून दुसऱ्यात नेताना कुठे टिपायचे, उसनी देताना-घेताना काय करायचे, बाहेर जाताना कोणाची सही, असे सगळे त्यात आहे.

२०१७च्या पाचव्या आवृत्तीत स्पेक्ट्रमच्या मुख्य कार्यपद्धती आठाच्या नऊ झाल्या. नव्याने आली ती 'इन्व्हेंटरी', म्हणजे आपल्याकडे काय काय आहे आणि ते कुठे आहे याची किमान यादी. इतक्या उशिरा? संग्रहालयांत कॅटलॉगची प्रतिष्ठा इतकी मोठी की प्रत्येक नाण्याची संपूर्ण, विद्वत्तापूर्ण नोंद करण्याच्या नादात हजारो नाणी नोंदीविना पेटीत पडून राहत. नव्या मांडणीने आधी मोजायला सांगितले. एक ओळ लिहा, क्रमांक द्या, जागा टिपा. संशोधन मागाहून.

हे नुसते कारकुनी शहाणपण नव्हते, ते ऑगस्ट २०२३मध्ये साऱ्या जगाला दिसले. ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा मोडतोड झालेल्या आढळल्या. छोटी रत्ने, दागिन्यांचे तुकडे, बहुतेक कधी प्रदर्शनात न मांडलेले आणि त्यांतल्या पुष्कळांची नीट नोंदच नसलेली. ज्याची नोंद नाही ते आपले होते हे सिद्ध कसे करणार? संचालकांना पद सोडावे लागले, आणि संग्रहालयाने पाच वर्षांत संग्रहाच्या सगळ्या नोंदी पूर्ण करून ऑनलाइन आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला. ब्रिटिश म्युझियमही या मानांकन योजनेतलेच.

योजनेतला कच्चा दुवा इथे दिसतो. तपासणी मुख्यतः संग्रहालयाने पाठवलेल्या कागदांवरून होते. नोंदींचा अनुशेष आहे आणि तो संपवण्याची योजना आहे, असे लिहून दिले की अट पुरी होते. कपाट उघडून बघणारे कोणी येईलच असे नाही. अमेरिकेत म्युझियम अलायन्सची योजना १९७१पासून चालते, तिथे स्वमूल्यांकनानंतर दुसऱ्या संग्रहालयांतले समव्यवसायी प्रत्यक्ष भेट देतात. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागते. देशात ३५ हजारांच्या घरात संग्रहालये आणि मानांकित हजार-अकराशे. त्यांनी २०१२च्या सुमारास मधल्या पायऱ्या बांधल्या, जसे की उद्दिष्ट, आचारसंहिता, आराखडा, संग्रह धोरण आणि आपत्ती आराखडा या पाच दस्तऐवजांची नुसती पडताळणी करून घेण्याची सोय. तरी शिखर अरुंदच राहिले. ब्रिटनने रुंदी निवडली, अमेरिकेने खोली. दोन्ही एकदम साधणारी पद्धत बिनपैशाची नाही.

शिक्षा कोणाला?

आता पुन्हा नॉर्दम्प्टन. नगर परिषदेचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. हे गाव चांभारकामाचे, बुटांचे. तिथल्या संग्रहालयाचा पादत्राणांचा संग्रह नामांकित आहे. एक इजिप्शियन पुतळा त्यात उपराच. तो विकून संग्रहालयाचाच विस्तार करायचा, तर बिघडले कुठे?

बिघडले ते असे. पुतळा दान म्हणून आला होता आणि दात्याच्या वंशजाने हक्क सांगितल्यावर विक्रीच्या रकमेचा ४५ टक्के वाटा त्याला देण्याचे ठरले. म्हणजे लोकांसाठी दिलेली वस्तू विकून त्यातला मोठा भाग खाजगी हातात. इजिप्तच्या राजदूतांनी विक्रीला विरोध केला, गावात आंदोलन झाले, ब्रिटन सरकारने पुढे निर्यात रोखून देशी गिऱ्हाइकाला वेळ दिला. पण तेवढी रक्कम कोणी उभी करू शकले नाही आणि पुतळा देशाबाहेर गेला.

हा एकटा अपवादही नव्हता. २००६ साली बरी नगर परिषदेने एल. एस. लाउरी या चित्रकाराचे 'अ रिव्हरबँक' हे चित्र अर्थसंकल्पातले भगदाड बुजवायला विकले, तेव्हाही मान्यता गेली होती. २०१३मध्ये क्रॉयडनने चिनी मातीच्या जुन्या भांड्यांच्या संग्रहातली निवडक भांडी हाँगकाँगमध्ये विकली, परिणाम तोच. आणि २०१४च्या जूनमध्ये, सेखेम्काच्या लिलावाला महिनाही उरला नव्हता तेव्हा, अमेरिकेतल्या डेलावेअर आर्ट म्युझियमने इमारतीच्या कर्जापायी विल्यम होल्मन हंटचे चित्र लंडनमध्ये लिलावात काढले. ते अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीला गेले आणि दुसऱ्याच दिवशी म्युझियमचे अमेरिकी मानांकनही गेले. चित्रही गेले, पुरेसे पैसेही आले नाहीत.

या सगळ्या उदाहरणांत निर्णय घेणारे आणि शिक्षा भोगणारे वेगळे आहेत. विक्री ठरवली नगरसेवकांनी किंवा विश्वस्तांनी. अनुदानाची दारे बंद झाली संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि उसनी प्रदर्शने दुरावली गावातल्या शाळकरी मुलांना. नगरसेवकाला पुढच्या निवडणुकीत मानांकनाबद्दल कोणी विचारत नाही. नॉर्दम्प्टनच्या विस्तारित संग्रहालयाचे दार २०२१मध्ये उघडलेही.

मग मानांकन काढण्याला अर्थच नाही का? मला तसे वाटत नाही. इतर नगर परिषदांच्या बैठकीत "आपल्याकडचे ते चित्र विकले तर?" असा विषय निघतो तेव्हा तिथल्या क्युरेटरच्या हातात नॉर्दम्प्टनचे उदाहरण असते. न झालेल्या विक्रींची यादी कोणी छापत नाही. तरीही २०१८चा मानदंड लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट अर्धीच सोडली, असे माझे मत. संस्थेच्या आरोग्याची चौकशी करताना संग्रहालयाच्या चालकांकडून, म्हणजे नगर परिषद किंवा ट्रस्ट यांच्याकडून, संग्रह आपण लोकांच्या वतीने सांभाळतो आहोत अशी नुसती धोरणमान्यता घेतली जाते. विक्रीचा विषय आला तर ठरावीक मुदतीआधी जाहीर सूचना द्यायची, असे बंधन त्यांच्यावरच घातले असते तर दंड योग्य पाठीवर पडला असता.

साताऱ्याच्या निमित्ताने

ऑक्टोबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी करार केला आणि जुलै २०२४मध्ये तिथली वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. आपल्याकडे सगळी चर्चा ती महाराजांनीच वापरलेली का, यावर झाली. खुद्द त्या म्युझियमने तसा ठाम दावा केलेला नाही, आणि त्या वादात इथे शिरायचे कारण नाही. मला उत्सुकता होती ती दुसऱ्या गोष्टीची. अशी वस्तू उसनी देताना मोठे संग्रहालय विचारते: पेटी कशी आहे, आर्द्रता किती राहते, पहारा कोणाचा, विमा कोणाचा, आग लागली तर काय. यांची उत्तरे देण्याची तयारी त्या एका दालनापुरती झाली. शेजारच्या दालनातल्या, आपल्या स्वतःच्या वस्तूंसाठी हे प्रश्न विचारणारे कोण आहे?

ब्रिटनसारखी मानांकन योजना आपल्याकडे नाही. केंद्राची अनुदान योजना आहे, १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, पुण्याच्या सी-डॅकने घडवलेली, संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदींसाठीची 'जतन' ही संगणकप्रणाली आहे, जी राष्ट्रीय पातळीवरच्या संग्रहालयांत वापरली जाते. कॅगने २०१३मध्ये वस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी वेळच्या वेळी होत नसल्याबद्दल ताशेरे ओढले होते. म्हणजे साधने आहेत आणि दुखणेही ठाऊक आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपला खजिना सरकारी संग्रहालयांबाहेरही मोठा आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, शिवाय गावोगावच्या वाचनालयांच्या, संस्थानिकांच्या आणि देवस्थानांच्या ताब्यातल्या पोथ्या, शस्त्रे, नाणी. यांना आल्या आल्या नव्वद पानी अर्ज दिला तर ते नम्रपणे चहा पाजून वाटेला लावतील. सुरुवात करायची तर ब्रिटनच्या योजनेतल्या दोनच गोष्टी घ्याव्यात. एक, कॅटलॉगचा आग्रह बाजूला ठेवून एकओळी यादी: क्रमांक, वस्तू, जागा, मोबाइलवर काढलेला फोटो. दोन, प्रत्येक लहान संस्थेला एक मेंटॉर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे वस्तुजतनाची प्रयोगशाळा आहे, २०१५पासून गावोगाव फिरणारी संग्रहालयाची बस आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आपली जुनी इमारत जीर्णोद्धार करून युनेस्कोचा पुरस्कार मिळवला आहे. तिथली अनुभवी माणसे वर्षातून चार दिवस धुळ्याला किंवा वाईला गेली, तर अर्ज, गुण आणि प्रमाणपत्र यांचा विचार त्यानंतर करता येईल. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद कोणत्या खात्याने करायची, एवढे मात्र आधी ठरवावे लागेल.